निकिताची हजेरी

१० ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी नऊला मातीला गेलो. शाळा अर्धीच भरली. सहावीतली निकिता काल गेली. सोयाबीनच्या मळणी यंत्रात पेंढ्या टाकत होती, ओढणी पट्ट्यात अडकली. दुपारी एकच्या सुमारास. आई शेजारीच होती. वाशीमला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.
परत येऊन हजेरीपट उघडला. ९ तारखेच्या रकान्यात तिच्या नावापुढे 'ह'. माझंच अक्षर.

११ ऑक्टोबर, शनिवार
सोयाबीनच्या दिवसांत सगळ्यांनाच हजर मांडतो. नाही तर पोर शाळाबाह्य यादीत जातं, वरून विचारणा होते. सप्टेंबरअखेर तिची आई सुनंदाबाई फाटकाशी आल्या होत्या. "सर, पंधरा दिवस नाव कापू नका. सोयाबीन निघालं का धाडतोच तिले." बरं म्हणालो. मदत केली असं वाटलं होतं.
मंगळवारी निकिता रस्त्यात भेटली. हातात विळा, डोक्याला रुमाल.
"सर, आज मी हजर आहो का?"
हजर, म्हणालो.
"मंग काय शिकवलं मले आज?"
सोबतच्या बाया हसल्या. मीही हसलो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
ठाण्यातून जमादार आले. हजेरीपटाचे फोटो काढले. मशीनमालक म्हणतो, पोरगी मधल्या सुट्टीत आईला भेटायला आली, कामाला नव्हतीच. "तुमची हजेरी बी तेच सांगते ना, सर?" जमादारांनी विचारलं. मी त्यांना पाणी दिलं. गुरुवारी नाही तर शुक्रवारी जबाबाला या म्हणाले.
नंतर मुख्याध्यापक म्हणाले, "आपण सगळेच मांडतो. तुम्ही तोंड उघडलं तर एकटे नाही जाणार. रिटायरले दीड वर्ष राह्यलं तुमचं. कायले आगीत हात घालता?"
त्यांचंही खरं आहे. म्हणजे...

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सुनंदाबाईंकडे गेलो. ओसरीत बसलो. त्या म्हणाल्या:
"सर, तुमी तिले त्या दिवशी हजर मांडलं म्हनते. मंग वावरात माह्यासंगं कोन होती?"
त्याच पुढे म्हणाल्या:
"तुमाले दोष नाही देत. मीच नेली तिले. पन ते कामाले होती, एवढं तरी लिवा. बसून नोती ते. मोठ्या बाईएवढं करे."
चहा ठेवत होत्या. नको म्हणून उठलो.

१५ ऑक्टोबर, बुधवार
आज नावं मोठ्याने घेतली. नाही तो गैरहजर. सत्तावीसपैकी अकरा. "सर, ते सोयाबीन सोंगाले गेली." "सर, त्यानं बकऱ्या नेल्या." पोरं सांगत गेली, मी मांडत गेलो. चौदाव्या नावाशी थांबलो. ते अजून कापलेलं नाही. पहिल्या बाकावरून अमोल हळूच म्हणाला, "सर, पुढचं घ्या."
मु.अ.नी आकडा पाहिला. "हा वर पाठवायचा?"
म्हटलं, आहे तो हाच आहे.
ते गेले. उद्यापासून दिवाळीची सुट्टी. आता तर सगळीच वावरात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
ठाण्यात गेलो नाही. जबाब घरीच लिहायला घेतला. ९ तारखेला निकिता शाळेत आली नव्हती. मी तिला खोटं हजर मांडलं. ती मजुरीला होती. इथवर एका दमात लिहिलं.
मग बाकीच्या पोरांची नावं. कोण कोणाच्या वावरात, ते मला माहीत आहे. लिहिली तर उद्या त्यांच्या आया ठाण्याच्या दारात उभ्या. नाही लिहिली तर सोयाबीननंतर कापूस, मग तूर, आणि माझ्या हजेरीत सगळी शाळेत.
दुसऱ्या कागदावर तीन नावं झाली. चौथ्यापाशी थांबलो.
उद्या अकराला जायचं आहे.
शाळेचा डबा कालपासून पिशवीतच होता. घासला. ओट्यावर पालथा घातला.