फुली-गोळ्याचं यंत्र आणि अक्का

१४ जुलै १९६३, मल्लेश्वरम
फुली-गोळ्याचं यंत्र पुरं झालं एकदाचं. कट् कट् वाजणारे रिले, दिवे, वायरी सगळं फॅक्टरीच्या भंगारातलं, साहेबांची सही घेऊन आणलेलं. पहिली चाल आपली: आपण फुली मारायची, मग यंत्र गोळा मारतं. कधीच हरत नाही. मंडळाच्या गणपतीत ठेवायचंय. सुमन लागोपाठ दोनदा हरली. "फॅक्टरीतून एक हट्टी माणूस घरी येतो तो पुरे नव्हता का?" म्हणाली.
थोरली बहीण अक्का शेंगा सोलत बसली होती. "आणि मी कशी खेळायची रे, बाळू?"
सगळा खेळ दिव्यांचा. काचबिंदूनं तिचे डोळे गेल्याला दोन वर्षं झाली. तीन महिने तिच्याच शेजारी बसून वायरींना डाग मारतोय, आणि हे डोक्यात आलं नाही. लाज वाटली.

१६ जुलै
गणपतीत अक्का यंत्राशी खेळणार. चार लोकांसमोर. डोळे गेल्यापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. हायस्कूलात गणित शिकवताना वर्ग कापायचा तिला. तिला अजून सांगितलेलं नाही.

२१ जुलै
पाटाला नऊ भोकं पाडली. खुंटी खोचली की तिची चाल यंत्राला कळते. यंत्राची चाल तिला कळायला घंटा: पाचवं घर, पाच ठोके. अक्का म्हणाली, "नऊ ठोके मोजेस्तोवर माझी साठी येईल." मग तिनंच सुचवलं. दोन घंटा. मोठी आडव्या ओळीची, बारीक ओळीतल्या घराची. ठोके मोजून यंत्राची खुंटीही तिनंच खोचायची. बारीक म्हणून माझ्या सायकलची काढली. उद्यापासून ओरडत फॅक्टरीत जायचं.

३० जुलै
डोळ्यांवर पंचा बांधून खेळलो. बरोबरी! ऐटीत पाट अक्कापुढे ठेवला. दोन मिनिटांत चाचपून म्हणाली, "खुंट्या सगळ्या सारख्याच. माझी कुठली, त्याची कुठली?"
"मला तर जमलं."
"तू बनवलंयस, तुला पाठ आहे. पंचा बांधून काय होतंय?"
परत कानस. तिच्या खुंट्यांची डोकी चौकोनी, यंत्राच्या गोल. बोटं सोलवटली. सोडणार नाही.

११ ऑगस्ट
मंडळाचे चिटणीस देसाई आले. धारवाडकडचे, मनाचे चांगले. "घंटा-बिंटा कशाला हो? आरतीत घोटाळा होतंय. अक्कांस पुढची खुर्ची देऊ या की, बसून स्वल्प ऐकतील." अक्का आतच होती, ऐकत. डोकंच फिरलं. घंटांसकट घ्या, नाहीतर यंत्र राहू दे, म्हटलं. "सरी, सरी, तसंच होऊ दे," म्हणत चहा पिऊन गेले.

१५ ऑगस्ट
सुट्टी. अक्का सकाळपासून अकरा डाव खेळली. सगळे बरोबरीत. यंत्र चुकत नाही, तीही नाही. पण चेहरा ओढलेला. म्हणाली, "मंडळात नको रे. लोक बघायला येणार ते मला, खेळाला नाही."
दुपारी ती पडली होती तेव्हा एक वायर सोडवली. आता कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरकी ओळ यंत्र अडवत नाही.
संध्याकाळी जिंकली! टाळ्या पिटल्या, सुमनकडून शिरा करवून घेतला. "येते मंडळात," म्हणाली. सुमनचे डोळे भरून आले. मी शिरा खाल्ला.

१७ ऑगस्ट
पकडलं.
घरी आलो तर अक्का यंत्राला कान लावून. "माझ्या तिसऱ्या चालीनंतर आत तीनदा कट् वाजतं. परवापासून दोनदाच. त्याला मला अडवता येत होतं, बाळू. त्यानं अडवलं नाही. का?"
सांगितलं. दुसरं काय करणार होतो?
"एवढी वर्षं गणित शिकवलं. एकाही पोराला फुकट पास केलं नाही. आणि तू मला केलंस."
जेवली नाही.

१८ ऑगस्ट
वायर परत जोडली. तिला म्हटलं, कान लाव. तीनदा वाजलं. ती उठून आत गेली. सुमन म्हणते, पाया पडा. पाया पडून काय होणार? मी तिला शिऱ्यासारखी जीत करून वाढली. चूक माझीच, आणि मोठी.

२२ ऑगस्ट
आज बोलली. "रविवारी येते. पण तू तिथं उभं राहायचं नाही. सुमन नेईल."
"काही बिघडलं तर?"
"बिघडलं तर देसाई आहेत, मी आहे. तू जवळ असलास तर जिंकले तरी मला खरं वाटणार नाही."
लागलं. पण खरं आहे.

२५ ऑगस्ट, गणपतीचा तिसरा दिवस
मंडळासमोरच्या कॉफीच्या दुकानात बसून लिहितोय. अक्का पाचला सुमनचा हात धरून आत गेली, निळं इरकल नेसून. देसाईंनी पुढची खुर्ची पुसली, ती न बसता थेट यंत्राशी गेली. पुढचं दिसत नाही. दारात माणसंच माणसं.
पहिला डाव बरोबरीत सुटला असावा, कुणीतरी "वा!" म्हणालं. मग तिचा आवाज, शाळेतला: "आता पहिली चाल त्याची." पण यंत्र पहिली चाल करतच नाही! तशी जोडणीच नाही. तिला ठाऊक आहे; वर्गातल्या पोरासारखं त्याला फळ्याशी उभं केलंय. आत देसाई काहीतरी म्हणतायत, लोक हसतायत, तिला की यंत्राला, कळत नाही. आता कोणाचाच आवाज नाही. घंटाही नाही.
मी गेलो तर यंत्र का अडलंय ते दोन मिनिटांत सांगता येईल.
दुसरी कॉफी मागवली आहे. उठणार नाही.