नऊ वाजता सुटणारी नाव

नाशिक, बुधवार

ती. मालिनीताईस,

कुमुदचा वाकून नमस्कार (कंबर वाकू देते तेवढा). तुझे गुडघे कसे आहेत, सिन्नरच्या वाऱ्याने खोकला परतला का, भावोजी अजून कानात यंत्र न घालताच बातम्या ऐकतात का, हे सगळं सावकाश कळव. आधी माझं ऐक, कारण माझा अपमान झाला आहे.

आपल्या ओवीचं वजन तिच्या आठ वर्षांच्या जरा पुढे गेलं आहे. (जरा. तेजलने सांगताना चेहरा असा केला की जणू मी नातीत पंपाने हवा भरते.) गेल्या महिन्यात याच सूनबाई मला मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, आरोपीला नेतात तशा. लाडवांच्या बचावाचं भाषण मी इंग्रजीत तयार ठेवलं होतं, कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी घोटून घेतलेल्या उच्चारांसकट. त्या पोरसवदा डॉक्टरने लाडवांचं नावही काढलं नाही. त्याने विचारलं, ही झोपते किती वाजता? झोप कमी पडली की मुलांची भूक वाढते, म्हणे. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण ओवी झोपते माझ्या खोलीत. मग एक वही मिळाली. दोन आठवडे झोपेची वेळ लिहायची, आणि सुधारणा नसेल तर ओवीची रवानगी तिच्या स्वतःच्या खोलीत.

मी रोज लिहिलं, नऊ. खोटं नाही. नऊला दिवा मीच बंद करते. पण दिवा गेला की मच्छरदाणी हलू लागते आणि ओवी हळूच म्हणते, "आजी, नांगर काढू?" मग पलंग सुटतो. (टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या बाईला नऊला झोप कशी यावी, हे डॉक्टरने विचारलं नाही.) पंचवटीच्या गल्ल्यांत तेव्हा गुडघाभर निळं पाणी असतं आणि बाजारातल्या कोथिंबिरीच्या जुड्या त्यावर झोपेत तरंगतात. घंटा पाण्याखाली वाजतात. द्वारका चौकात ट्रक एकमेकांच्या पाठीवर मान टाकून निजलेले असतात, तिथे आम्ही वल्ही वर घेतो, कुणी जागं होऊ नये म्हणून. पुढे तुझी गच्ची लागते. तू तोंड उघडं टाकून झोपलेली असतेस, तुला अलगद ओलांडून जातो. फक्त प्रत्येक धक्क्याला काहीतरी खायचं असा नावेचा नियम आहे, आणि स्वप्नातल्या खाण्याने पोट भरत नाही असं ओवीचं म्हणणं, म्हणून पलंगाखाली डबा. एकदा चार धक्के लागले.

डॉक्टरांनी वही उघडली. माझ्या प्रत्येक 'नऊ'खाली ओवीचं गोल अक्षर: नाव किनाऱ्याला लागली, ११.४०. दुसऱ्या दिवशी: ११.५५, लाडू दोन. तेजलने वही मिटून पर्समध्ये टाकली. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

सोमवारपासून ओवी तिच्या खोलीत आहे. साडेआठला झोपते, सकाळी हाक न मारता उठते आणि दुसऱ्या पोळीला नको म्हणते. मला फार आनंद झाला आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

तुझी धाकटी,
कुमुद

ता. क. लाडवांचा डबा भरलेला पडून आहे. तुला पाठवणार नाही, तुझी साखर मला माहीत आहे.

ता. क. पुन्हा. हे गेल्यापासून त्या खोलीत मला एकटीने झोप येत नाही, हे तेजलला कळता कामा नये. आठ दिवस येऊन राहा, आणि घोरतेस तशीच घोर. ओवीने काल विचारलं, नाव माझ्याशिवाय जाते का. मी सांगितलं, दुरुस्तीला टाकली आहे, इंजिन सिन्नरहून यायचंय.