पेठेतला सरळ रस्ता

बाई, काल मी आपल्या परतूरच्या पेठेतून पायी गेले. एकटी, रस्त्याच्या अगदी मधोमध. तुला पटायचं न्हाई, पण आता संध्याकाळी तिथं गाड्या सोडत नाहीत. दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवलेत, खाली फरशी, बसायला बाकडी, दुकानांच्या पाट्या सगळ्या एका रंगाच्या. जिथं बैलगाड्यांमधून अंग चोरून जावं लागायचं, तिथं बायका लेकरं घेऊन हवा खात बसल्यात. एक सून तर सासऱ्याशेजारी बसून कुल्फी खात होती. मी मेली थांबून बघतच राहिले. तू असतीस तर "काय बाई एकेक तऱ्हा!" म्हणाली असतीस, आणि दहा पावलांवर जाऊन पुन्हा मागं वळून बघितलं असतंस.

तुला सगळी पेठ पाठीमागून ठाऊक. वाटूरहून लग्न होऊन आलीस तेव्हापासून मधल्या पारावर सासरची जाणती माणसं बसायची, आणि त्यांच्यासमोरून जाताना सुनेनं चपला काढून हातात घ्यायच्या, ही रीत. त्यापेक्षा मागचा बोळ बरा, म्हणायचीस. मंठ्याच्या शाळेत मी मास्तरीण म्हणून लागले तेव्हा तुला नव्या चपला घेतल्या आणि हट्टानं सरळ रस्त्यानं घेऊन निघाले. पार आला. तू वाकतेस, चपला काढतेस, पदराआड धरतेस. आणि मी ओरडते, "घाल आधी पायात! चोरी केलीस का कुणाची?" सगळी पेठ बघते. पारावरचे तुझे चुलत सासरे हसून म्हणतात, "घाल गं सूनबाई, लेक शिकलेली हाय तुही." तू घालतेस. घरी आल्यावर मला आवडतं म्हणून पिठलं टाकतेस.

ही गोष्ट मी आयुष्यभर मिरवली, बाई. दरवर्षी महिला दिनाला मुलींना सांगायचे, माझ्या आईच्या पायात मी चपला घातल्या. टाळ्या पडायच्या.

काल पाराच्या जागी गोल कठडा दिसला, पिंपळ तेवढा ठेवलाय. तिथंच तुला बांगड्या भरणारी कासारीण भेटली. पार थकलीय, पण नजर तीच. "आगं, वाटूरवालीची लेक न्हाई का तू? किती वाळलीस!" म्हणत बाकड्यावर शेजारी बसवून घेतलं. मी सवयीनं बोलून गेले, "मावशी, आमच्या बाईला हा रस्ता कधी चालता आला न्हाई. सासरच्यांनी चालू दिलं न्हाई."

"सासरचे?" ती म्हणाली. "ते कवाच वर गेल्ते. पार रिकामा पडल्ता. मीच म्हनलं तिला, चल आता बिनघोर सरळ. तर म्हनली, नको, लेक भर पेठंत वरडली तव्हापासून तिथं पाऊल उचलत न्हाई." मग माझ्या तोंडाकडं बघून तिनंच माझा हात धरला. "तुझ्यावर राग न्हाई धरला गं तिनं. सगळ्यांना सांगायची, माही लेक मास्तरीण हाय म्हनून."

मी तिथंच रडले, चारचौघांत, दिव्यांच्या उजेडात. तुझ्या मरणाला इतकी वर्षं झाली, आणि तुझी इतकी आठवण कधी आली न्हवती.

हे पत्र कुठं टाकणार? वहीतच राहील. आणि एवढं लिहूनही खरं काय ते अजून लिहिलंच नाही. त्या चपलांच्या दिवशी पारासमोरच्या हॉटेलात माझ्या शाळेचे दोन सर चहा पीत बसल्ते. मला त्या रीतीचा संताप आल्ता, असं मी सगळ्यांना सांगितलं, स्वतःलाही. तसलं काही न्हवतं, बाई. चपला हातात घेऊन चाललेली ही बाई माझी आई आहे हे त्यांना कळू नये, एवढंच मला वाटलं होतं.