कुलपातली मेंढरं

वाडी, ता. सांगोला
६ मे २०२५

चि. प्रियंकास, हरिबातात्याचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नको, हितं सगळी धडधाकट हायत. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतीस. पत्र तुझी वाट बघत बसतंय, म्हणून लिवलं.

तू वाडीच्या मेंढरांवर प्रबंध लिवून डॉक्टर झालीस, आमी पेढे वाटले. आता जनावरांचे डॉक्टर अमृतसाहेब म्हणतात, पावसाआधीची आंत्रविषाराची लस आपल्या वाडीला तीनशेदहा मेंढरांपुरतीच मंजूर झाली. का, तर विद्यापीठाच्या साइटवर तुझ्या प्रबंधाचा सारांश हाय, त्यात आकडा तेवढाच. आत काय लिवलंय बघावं म्हटलं तर म्हणे २०२८ पर्यंत बंद, परवानगी घ्या. मेंढरं आमची, माहिती आमची, तू प्यालीस तो च्या तुझ्या वच्छलाकाकूचा, आन् वाचायला परवानगी विद्यापीठाची व्हय? गेल्या साली कोवळ्या गवतावर ह्याच रोगानं कोकरं पटापटा मेली, ठावं हाय की तुला. कुलूप काढ.

रागावलो तरी चुलताच हाय, इसरू नको.
हरिबा

सोलापूर
११ मे २०२५

ती. तात्यांस, शि. सा. न. वि. वि.

कुलूप माझंच. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, आधी पुस्तक काढ, नाहीतर कोणी चोरेल. सांगोल्याच्या मेंढरांवरचा प्रबंध चोरायला येणार कोण, हे विचारायचा धीर झाला नाही.

आणि आकड्याचं म्हणाल तर मी उन्हातान्हात घरोघर फिरले. तुम्ही बाजेवर बसून चाळीस म्हणालात, माझ्या वहीत तारखेसकट आहे. जुन्या नोंदीपेक्षा मेंढरं निम्मी भरली, म्हणून चौथ्या प्रकरणाचं नाव ‘घटती मेंढपाळी’. परीक्षक त्याच प्रकरणावर फिदा झाले. मग मंजूर लस कमी कशी पडते?

काकूला नमस्कार. कान धरा, पण माया सोडू नका.
प्रियंका

वाडी
१५ मे २०२५

चि. प्रियंकास, अ. उ. आ.

अगं, मेंढरांचा खरा आकडा कुणी सांगतं व्हय? दृष्ट लागती. इचारणाऱ्याला निम्मा सांगायचा, त्यानं मनात दुप्पट करायचा, अशी रीत हाय. धनगराची लेक तू, पण हॉस्टेलात वाढलीस. दुप्पट करायचं राहूनच गेलं. वाडीत सगळ्यांनी निम्मीच सांगितली. महिपतीनं तर तिसरा हिस्सा, ते लई भित्रं.

प्रबंध उघडा असता तर शेजारच्या पिंकीनं मोबाइलवर वाचून दावला असता, आन् चौथं प्रकरण ऐकून आमी हसून लोळलो असतो. चूक तितंच घावली असती. कुलपातली चूक कुणाला दिसायची? पावसाला तीन आठवडं उरलं.

जेवत जा. वाडीचा लोभ हाय तुझ्यावर, आकडा खोटा असला तरी.
हरिबा

सोलापूर
२१ मे २०२५

ती. तात्यांस, शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस घास उतरला नाही. चार वर्षांच्या कष्टाला तुम्ही बाजेवरून सुरुंग लावलात. मॅडम म्हणाल्या, गप्प बस, कोण बघतंय? कोणी बघत नाही म्हणूनच तर हे झालं, असं मी म्हटलं आणि तडक ग्रंथालय गाठलं.

प्रबंध खुला करायचा अर्ज दिला. ग्रंथपाल महेश्वर सरांनी विचारलं, की बंद करायला रांग लागते, उघडायला तुम्हीच पहिल्या. तब्येत बरी आहे ना? कालपासून प्रबंध कुणालाही वाचता येतो. चूक माझी, असं दुरुस्तीपत्रक पहिल्याच पानाला जोडायचं आहे. घरोघरचे खरे आकडे फोनवर सांगा. नाव कुणाचं नाही, फक्त वाडीची बेरीज. मी मीटिंगमधूनही उचलेन.

चुकलेल्या डॉक्टरवर लोभ ठेवा.
प्रियंका

वाडी
९ जून २०२५

चि. प्रियंकास, अ. उ. आ.

तुझं दुरुस्तीपत्रक दावून अमृतसाहेबांनी जादा लस आणली. काल सगळी मेंढरं टोचून झाली, कोकरांसकट. पिंकीनं चौथं प्रकरण वाचलं. महिपती हसताना बाजेवरून पडला. पण चूक कबूल केलेलं पान तिनं दोनदा वाचलं, तवा कुणी हसलं न्हाय.

आता एक सांगतो, रागावू नको. मी फोनवर माझी शहाऐंशी सांगितली, वाडीची बेरीज सहाशे बावन्न. टोचताना साहेबांनी मोजली, तर माझी एक्क्याण्णव निघाली आन् वाडीची सातशेला नऊ कमी. साहेब शहाणा, लस पुऱ्या सातशेची आणलेली. दुरुस्तीची दुरुस्ती जोडता येती का, तेवढं महेश्वर सरांना इचारून कळव.

माया आटू देऊ नको.
हरिबा