आप्पांचा नारळ

मंगळवार, मे संपत आला. दिवेलागणीची वेळ.

शेजारच्या आप्पांचा नारळ आज उठला नाही. त्यांच्या तळहातावरचा आडवा नारळ पाणी असलेल्या जागी उभा राहतो. महिन्यापूर्वी आमच्या अंगणात दोनदा उभा राहिला, तुळशीजवळ आणि त्यांच्या कुंपणाशी. दोन्ही झरे वेगळे, म्हणाले. जागा दाखवल्याचा चहासुद्धा घेतला नाही.

नंदुरबारहून आलेला बोअरच्या गाडीचा माणूस मला बाजूला घेऊन म्हणाला, कुंपणाशी बोअर घेतली तर शेजाऱ्यांची आटेल. तरी तिथेच घेतली. पाणी वर लागलं. त्यांची बोअर आठवड्यात आटली.

आज आप्पा स्वतःचं अंगण नारळ घेऊन तासभर फिरले. तो आडवाच. मग आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मन्हा हात गया भाऊ. मन्हाच आंगनमा नारळ उठस नही."

माझ्यावर संशय नाहीच. तुमचा हात शाबूत आहे, एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? म्हणालो, "वय व्हयनं आप्पा, आते सोडी द्या."

नारळ तिथेच ठेवून गेले. हिने चटणीला फोडला.

पाणी भरपूर निघालं.