गळ्यातलं बटण

३ जून

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ओरडतेस आणि मी रडते, म्हणून पत्र. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडलीस आणि पेपरवाल्याला हाक ऐकू जाईपर्यंत ओल्या फरशीवर पडून राहिलीस, हे आठवलं की माझी झोप उडते. सोबतच्या माहितीपत्रकात तीन यंत्रं आहेत. एक मनगटावरचं, एक गळ्यातलं आणि तिसरं, माणूस पडलं की आपोआप कंपनीला कळवणारं. पहिल्या दोन्हींचं बटण दाबलं की कंपनीतली बाई तुझ्याशी बोलते आणि तू सांगशील त्याला बोलावते. मला तिसरं पसंत आहे. निवड तुझी, पण यापुढे एकदा जरी पडलीस तर तुझा बाडबिस्तरा उचलून इकडे आणणार. मागची खोली रंगवून घेतलीय.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी चिमणी

९ जून

चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

जन्मभर तलावावर पोरांना पोहायला शिकवलं. तेव्हा गळ्यात शिट्टी असायची, दुसऱ्यांना वाचवायला. आता गळ्यात बटण, मला वाचवायला. काय पण दिवस आले!

मनगटावरचं नको, माझ्या काडीसारख्या हातावरून ते कोपरापर्यंत जाईल. आपोआप बोंबलणारं तर मुळीच नको. मी व्यायामाला आडवी झाले तरी ते दवंडी पिटेल. गळ्यातलं पाठव, पण पाण्यात चालणारं. पडायची जागा न्हाणीघर आणि तिथेच ते काढून ठेवायचं, म्हणजे अकलेचा उजेडच. मदतीला समोरच्या औषध दुकानदाराचं नाव दे. तोंडाळ आहे, पण धावत येईल.

जावईबापूंना आशीर्वाद. भांडत असलीस तरी माझीच आहेस.

तुझी आत्या

२१ ऑगस्ट

ती. आत्यास, सा. न.

दुकानदारकाकांचा फोन आला होता. तू मलम घ्यायला गेलीस तेव्हा दंड काळानिळा होता म्हणे. त्यांनी खोदून विचारल्यावर कबूल केलंस, की स्वयंपाकघरात पडलीस आणि दुपारभर उठता आलं नाही. आणि बटण? गळ्यातच होतं! आत्या, काय म्हणावं तुला? शोभेला घेतलंय का ते? मला फार राग आलाय आणि त्याहून जास्त भीती वाटतेय. का दाबलं नाहीस, खरं काय ते कळव.

चिमणी

२६ ऑगस्ट

चि. चिमणीस आशीर्वाद.

खरं विचारतेस तर खरं सांगते. बटणावर बोट ठेवलं होतं. मग तुझी ती रंगवलेली खोली डोळ्यांसमोर आली आणि बोट काढून घेतलं. दुखत होतं, रडूही आलं. पण मरणाला घाबरले नाही तेवढी तुला घाबरले.

तलावावर माझा एक नियम होता. हात वर करणाऱ्या पोराला काठाला आणायचं, दम खाऊ द्यायचा आणि परत पाण्यात सोडायचं. त्याला घरी धाडलं, तर पुढच्या वेळी ते गटांगळ्या खाईल पण हात वर करणार नाही. तू तर मला पहिल्याच हाताला घरी धाडणार होतीस.

तुझी माया कळते गं. पण ही माझी किल्ली, हवी तेव्हा उघडलेली ही खिडकी, एवढंच माझं पाणी उरलंय.

तुझी आत्या

२ सप्टेंबर

ती. आत्यास, शि. सा. न.

चुकलं माझं. अट मागे घेतली. त्या खोलीत ह्यांनी कालपासून रंधा, करवत आणि फळ्या मांडल्यात. आता मागितली तरी ते देणार नाहीत. दहादा पडलीस तर दहादा दाब. कोणी तुला उचलून इकडे आणणार नाही, उचलून उभं करतील आणि आपापल्या कामाला लागतील. शब्द देते.

लोभाला आता अट नाही.

तुझी चिमणी

१९ ऑक्टोबर

चि. चिमणीस, भरभरून आशीर्वाद.

काल सकाळी स्टुलावरून पाय घसरला. पाऊल मुरगळलं, बाकी धड आहे. दाबलं. तिकडची बाई गोड बोलली आणि दुकानदार पांढऱ्या कोटातच धावत आला. मला खुर्चीत बसवलं, पट्टी बांधली, ह्या वयात स्टुलावर चढते म्हणून भरपूर बोल लावले आणि गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणत दार ओढून निघून गेला.

मी तिथेच बसून राहिले. माझ्या घरात.

सवड काढून ये चार दिवस. माझ्याकडे.

तुझी आत्या