अमावस्येला मिल बंद असते

२० नोव्हेंबर, गुरु.
अमावस्या. आमची धान्याची आडत बंद, डाळमिल बंद, म्हणून मिलमध्ये आमचं रेकॉर्डिंग चालू. एरवी मिलच्या घरघरीत स्वतःचं ओरडणंही ऐकू येत नाही. किल्ल्या इरफानच्या मामूंकडे असतात, ते तिथले मुकादम. इरफानची गिटार आज पेटली होती. मिल्या नांदेडहून पहिल्या एसटीने आला, ड्रमची एक काठी मोडून परत गेला. आता एकाच गाण्याचा शेवट उरला. मग अल्बम. मराठवाड्यातला पहिला पोस्ट-हार्डकोर, म्हणजे किंचाळत गायच्या रॉकचा अल्बम, असं मिल्या म्हणतो. खरंखोटं कोण तपासतंय.
आमच्या वडिलांनी, अप्पांनी, मिलच्या फाटकातून ऐकलं. "गायलास का घसा फोडायलास?" पाडव्यापासून आडतीवर बसायचं, बँडबिंड बंद. विषय संपला म्हणे. त्यांचा.

७ डिसें.
शेवटचं गाणं अडलंय. शेवटी जी आरोळी हवी ती माझ्याकडून निघत नाही. निघतो तो शेपटीवर पाय पडलेल्या मांजराचा आवाज. मिल्या तोंडावर म्हणाला, "शिवा, हे नुसतं वरडणं हाय. कुणाला हाक मारल्यावानी वाटत न्हाई." लागलं. खरं होतं म्हणून जास्तच. पुढची अमावस्या १९ ला. मामूंना सांगून ठेवलं.

१६ डिसें.
घोळ. अमावस्या धरून बसलो आणि ती येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, अख्ख्या घराने शेतात पूजा करून जेवायचा सण, आहे हेच डोक्यातून गेलं. लातूरचा असून. आई येळवशीच्या मिसळभाजीसाठी, भज्जीसाठी, तुरीच्या शेंगा सोलायला बसली तेव्हा उजेड पडला. येळवशीला शेतात गेलो नाही तर अप्पा पाडव्याचीसुद्धा वाट बघणार नाहीत, दुसऱ्याच दिवशी आडतीवर बसवतील. रेकॉर्डिंग गेलं. मिल्या म्हणतो मीही जेवायला येतो. इरफान रेकॉर्डर आणणार. कशाला, त्यालाच माहीत.

१९ डिसें., येळवस
शेतात कडब्याच्या कोपीत पूजा झाली. अप्पांनी आंबिलीचं मडकं उचललं आणि ज्वारीभोवती शिंपडत निघाले, येळवशीची ठरलेली आरोळी देत, "ओलगे ओलगे..." लहानपणापासून ऐकतोय. आज इरफानने कानाला हेडफोन लावले होते. त्याने एकदम माझं मनगट धरलं.
हीच ती आरोळी. आडतीवरच्या सौद्यात कमावलेला अप्पांचा गळा, पण इथे भाव पुकारत नव्हता, रानाला हाक मारत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिल्याच्याही, तो म्हणतो ठेचा तिखट होता.
गाण्यात घेऊ का, विचारलं. अप्पा बराच वेळ हात धूत राहिले. मग म्हणाले, "देवाचं हाय ते. येडंवाकडं करू नको."
म्हणजे घे.

११ जाने.
अल्बम बाहेर! नाव 'बंद मिल'. आईने दोन गाणी ऐकली, मिक्सर लावल्यासारखं वाटतं म्हणाली. आरोळी आली तशी हातातलं काम टाकून जवळ आली. पुन्हा लावायला सांगितलं.

२२ फेब्रु., नांदेड
जिंकलो. दुसरा शब्द नाही. आमच्या कार्यक्रमाला हॉल भरलेला, बाहेर पण पोरं. शेवटच्या गाण्यात आरोळीच्या जागी मी थांबलो, आणि अख्ख्या हॉलने दिली. ओलगे ओलगे. मिल्या काठ्या टाकून नुसता बघत बसला.
भोकरची तीन पोरं भेटली. आमचा अल्बम ऐकून बँड काढलाय, कापसाच्या जिनिंगमध्ये तालीम करतात, तेही अमावस्येला. एकाने विचारलं, आवाज कोणाचा? "माझ्या बापाचा," म्हणालो. जरा मोठ्यानेच.

१८ मार्च, अमावस्या
उद्या पाडवा. आडतीवर माझी गादी घालून झालीय, नवा अभ्रा.
दुपारी भोकरची पोरं दारात. वाटलं माझ्याकडे आली. छे. "काका हायत का?" त्यांच्या गाण्यात अप्पांचा आवाज पाहिजे. अप्पांनी चहा पाजला, त्यांचं गाणं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. आमचं एकदाही इतकं ऐकलं नव्हतं. मग टोपी घातली. "मामूकडून मिलची किल्ली आण. आज बंदच हाय."
वाटेत हिंमत करून विचारलं, उद्या आडतीवर कधी यायचं?
"उद्याचं उद्या बघू," अप्पा म्हणाले. "आधी पाणी दे. घसा कोरडा पडायलाय."